मदत हवी आहे: घरी बांधलेल्या विमानाचा पत्रा पॉलिश करावा की रंगवावा?

मंडळी, नमस्कार. मी सोलापूरचा. मेहुण्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं किट आणून दोन सीटचं विमान बांधतोय. (अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर सहा सीटचं उभं केलं, त्यापुढं आमचं खेळणंच.) पंख आणि शेपूट रिव्हेट मारून तयार आहेत. आता पत्र्यावरून घरात दोन तट पडलेत.

पत्रा २०२४-टी३ अल्क्लॅड, ०.८ मिमी. आत तांबं मिसळलेला मजबूत अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, म्हणून गंजाला हळवा. दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर. तो एका बाजूला जाडीच्या साधारण ५ टक्के, म्हणजे ०.०४ मिमी. गंज अडवतो तो हाच. मेहुण्याला विमान आरशासारखं हवंय, रंगाचं वजनही वाचेल म्हणतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भांडी पॉलिश करणाऱ्याकडं गेलो, तर तो म्हणाला, "आणा की साहेब, संध्याकाळी तोंड बघा त्यात." त्याच्या बफिंगच्या चाकापुढं ०.०४ मिमी कितीसं टिकणार, ही माझी धास्ती.

दुसरं, पत्र्यावरची निळी प्लॅस्टिक फिल्म. आपला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, शेडमध्ये ती भाजून चिकटली. सोलली तेव्हा खाली दोऱ्यासारख्या पांढरट रेघा दिसल्या. फिलिफॉर्म गंज म्हणतात तो हाच का?

आणि आतले काही कोन (एल आकाराच्या पट्ट्या) ६०६१-टी६ या दुसऱ्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे आहेत, त्यांना तो शुद्ध थर नाही. आधी अलोडाइन (गंज अडवणारा रासायनिक लेप) करायचं की थेट इपॉक्सी प्रायमर? नेहमीच्या अलोडाइनमध्ये हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, कर्करोग करणारं. ते धुतलेलं पाणी गटारात सोडायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद: दादा, त्या भांडीवाल्याला लांबूनच नमस्कार करा. चाक क्षणभर एका जागी थांबलं तरी पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो, थर जातो ते वेगळंच. रोटरी पॉलिशर कमी वेगावर, लोकरीचं पॅड, विमानाच्या पत्र्यासाठीची पेस्ट. शेवटी त्याचे गोल वळ घालवायला ऑर्बिटल पॉलिशर. नखाला अडकणारा ओरखडा घासत बसू नका, तो भाग रंगवा. स्टील वूल अजिबात नको. लोखंडाचे कण रुततात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

प्रायमरआधी पत्रा धुऊन वर पाणी सोडा. सलग पसरलं तर स्वच्छ, थेंब धरले तर तेल बाकी आहे. रडर, एलिव्हेटर (शेपटीवरचे हलणारे भाग) रंगवलेत तर त्यांचा बॅलन्स पुन्हा तपासाच. रंगाचं वजन बिजागरीच्या मागं जास्त पडतं आणि फ्लटरचा, म्हणजे उडताना तो भाग जोरात थरथरण्याचा, धोका वाढतो. रेघांचा फोटो टाका, बघितल्याशिवाय सांगणं बरं नाही.

धागाकर्ता: आभार! मेहुण्याला वाचून दाखवलं. पंखांची वरची बाजू पॉलिश, बाकी रंग, एवढ्यावर तो आलाय. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो. अलोडाइनच्या पाण्याचं काय करतात, ते कुणी केलंय का?