कुत्र्यांना कोणते मसाले, सॉस, चटण्या चालतात? आपापले अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. आमची चिंगी चार किलोची. आजारातून उठली, पण अन्नाला तोंड लावेना. तयार सूपची पूड कोमट पाण्यात कालवून तिच्या जेवणावर घातली, तर वाटी चाटून लख्ख. मला इतका आनंद झाला की आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे देत राहिले. आठव्या दिवशी ती जिन्यात मध्येच बसली. हिरड्या पांढुरक्या, लघवी कोऱ्या चहासारखी. "खाण्यात कांदा-लसूण गेलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे "नाही" म्हणाले. घरी येऊन पाकीट वाचलं तर घटकांमध्ये दुसऱ्या क्रमांकावर कांद्याची पूड, आणि पुढे लसणाचीही.

कांद्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवून, तळून, वाळवून ती जात नाहीत. ताज्या कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, म्हणून चमचाभर पूड म्हणजे बराच कांदा झाला. आणि परिणाम लगेच दिसत नाही, तीन-चार दिवस उलटून जातात. तोवर आपण देतच असतो.

चिंगी आता बरी आहे. पण त्या "नाही"ची बोच जात नाही, म्हणून हा धागा. मसाला कोणता, किती दिला, कुत्र्याचं वजन किती, पुढे काय झालं, एवढं लिहा. चांगले अनुभवही हवेत.

*

आमच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला, वजन तीस किलो, सांधेदुखीसाठी हळद सुरू केली होती. रोज पाव चमचा, जेवणात कालवून. त्रास काही झाला नाही, फक्त शी जरा सैल व्हायची. सांध्यांना फरक पडला का? खरं सांगायचं तर मला दिसला नाही. हळदीतला गुणकारी घटक शरीरात फार कमी शोषला जातो. मिरपुडीने शोषण वाढतं म्हणून तीही घालावी असं वाचलं होतं, पण आमच्या डॉक्टरांनी हात जोडले. त्याला दुखण्याची गोळी चालू होती आणि हळद जास्त प्रमाणात रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करू शकते. दात काढायच्या आधी तर पूर्ण बंद करायला लावली. चालू औषधं सांगितल्याशिवाय हळदही देऊ नका.

*

चांगला अनुभव लिहितो. गाडीत बसलं की आमचा खंड्या लाळ गाळायचा, ओकायचा. पंधरा किलोचा आहे. निघायच्या अर्धा तास आधी पाव चमचा किसलेलं ताजं आलं, भाताच्या घासात. दहापैकी सात-आठ प्रवास कोरडे जातात. जास्त दिलं तेव्हा पोटात गुरगुर झाली, म्हणून पाव चमच्यापुढे जात नाही.

*

जिरं, धणे, बडीशेप, तुळस, पार्सली: चिमूटभर, कधीतरी. सहा वर्षांत काही नाही. लाल तिखट एकदा सांडलेलं चाटलं, तर तासभर पंजाने तोंड घासत होता आणि रात्री जुलाब.

*

लसणाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आमच्याकडे गोचीड होऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं अर्धी पाकळी देत आलोय. कुत्रा मोठा आहे, पस्तीस किलोचा, आणि ठणठणीत आहे.

*

वरच्या लसणाच्या अनुभवाबद्दल, आग्रहाने लिहिते आहे, राग मानू नका. पस्तीस किलोला अर्धी पाकळी पचून गेली असेल, पण तुमचं वाचून कोणी तीन किलोच्या पिल्लाला देईल, ही भीती आहे. लसूण कांद्याहून जास्त तीव्र. तांबड्या पेशींवर हाइन्झ बॉडी नावाचे बारीक ठिपके येतात, ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. बाहेरून कुत्रा ठणठणीतच वाटतो. माझ्याकडे अकिता आहे. अकिता आणि शिबा या जपानी जातींच्या पेशी आणखी हळव्या. गोचिडांसाठी तपासलेली औषधं आहेत की! एकदा रक्त तपासून घ्या, एवढंच म्हणते.

*

हे लिहिताना अजून हात थरथरतो. पाच किलोच्या पिल्लाने गोळ्यांची पट्टी चावली. घरातल्या कोणीतरी सांगितलं, मिठाचं पाणी पाज, ओकेल. दोन चमचे मीठ घातलं, म्हणजे सुमारे बारा ग्रॅम. किलोमागे दोन-तीन ग्रॅम मिठातच विषबाधेची लक्षणं सुरू होतात आणि चार ग्रॅम जीव घेऊ शकतात, हे नंतर कळलं. ओकणं राहिलं बाजूला, तहान, मग झोकांड्या, मग झटके. सोडियम हळूहळूच उतरवावं लागतं, घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येते. म्हणून तीन दिवस सलाईनवर. गोळ्यांनी झालं नसतं एवढं मिठाने झालं. पिल्लू वाचलं. ओकवायचं की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. सोया सॉसही याच रांगेतला, एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं.

*

शेंगदाण्याचं बटर. बिनसाखरेचं, म्हणून मला वाटलं जास्तच चांगलं. औषधाची गोळी त्यात लपवून दिली. पाऊण तासात आमची सहा किलोची टिपू भेलकांडायला लागली. बरणीवर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, लिहिलेलं होतं. माणसाला ते काही करत नाही, पण कुत्र्याच्या अंगात इन्शुलिन उसळतं आणि रक्तातली साखर कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंही पुरतं, जास्त गेलं तर यकृतावर येतं. ग्लुकोज चढवलं, दोन दिवस यकृताच्या तपासण्या केल्या, निभावलं. काही डब्यांवर त्याला बर्च शुगर म्हणतात, तेही लक्षात असू द्या. "शुगर फ्री" लिहिलेले सॉस, जॅम, सगळेच तपासा.

*

दालचिनी विषारी नाही, पण पूड नाकात गेली तर खोकून खोकून बेजार होतात. तेल मात्र नकोच, दालचिनीचं असो की लवंगेचं. जायफळाला तर मी हातच लावू देत नाही. जास्त गेलं की भ्रम, धडधड, झटकेही येऊ शकतात. मोहरीने आमच्याकडे दोन दिवस उलट्या-जुलाब झाले होते. कोको पूड चॉकलेटपेक्षा वाईट.

*

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: वजन, काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता. पाकीट फेकू नका, सोबत आणा. "थोडंसंच खाल्लं" यावरून आम्हाला काहीच ठरवता येत नाही. कांद्याचा ढोबळ हिशेब असा की वजनाच्या अर्धा टक्का, दहा किलोला पन्नास ग्रॅम, एका वेळी गेला तर लगेच कळवायचं. त्याहून कमी पण रोज जात असेल तरीही कळवायचं. चिंगीचं तेच झालं ना.

*

हो, तेच झालं. सगळ्यांचे मनापासून आभार. चिंगीची कालची रक्ततपासणी चांगली आली. आता तिला मांस उकळलेलं साधं पाणी देते, मीठही न घालता, आणि ती तेवढ्याच आवडीने पिते.

एक विचारायचं राहिलं. रोझमेरीचा अर्क बऱ्याच तयार खाद्यांत असतो. फिट येणाऱ्या कुत्र्यांना तो टाळावा असं डॉक्टर म्हणाले. कोणाच्या कुत्र्याला फिट येतात का? तुम्ही काय देता, काय टाळता, सविस्तर लिहा.