इन्फेक्शन नाही, तरी आईला सेप्ट्रान डीएस का दिली असेल?

शमीचं_झाड:
आईला पेम्फिगस आहे, अंगावर आणि तोंडात फोड येतात तो. दोन महिने प्रेडनिसोलोन ४० एमजी चालू आहे, आणि परवा डॉक्टरांनी सेप्ट्रान डीएस पण लिहून दिली, सोम-बुध-शुक्र एकेक. ताप नाही, खोकला नाही, मग अँटिबायोटिक कशाला? ओपीडीत एवढी गर्दी की विचारायचं राहूनच गेलं. शिवाय आईला साध्या गुळाने घसा धरतो, सल्फरलेसच आणतो आम्ही, मग ही सल्फाची गोळी चालेल ना?

काउंटरपलीकडून:
मी फार्मासिस्ट आहे. स्टेरॉइडचा डोस एवढा असला की प्रतिकारशक्ती खाली जाते आणि न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी फुफ्फुसात न्यूमोनिया करू शकते. तो होऊ नये म्हणून ही गोळी, एचआयव्ही आणि ट्रान्सप्लांटवाल्यांनाही याचसाठी देतात. डीएसमध्ये सल्फामेथोक्साझोल ८०० आणि ट्रायमेथोप्रिम १६० असतं, दोघं मिळून जंतूचं फोलेट (एक बी व्हिटॅमिन) बनवायचं काम दोन ठिकाणी अडवतात. आपण फोलेट जेवणातून घेतो म्हणून आपलं भागतं. गुळाचं म्हणाल तर तो रंग उजळायला वापरतात तो सल्फर डायऑक्साइड वगैरे, त्याचा नि सल्फाच्या औषधाचा संबंध नाही. पण आधी कुठल्या सल्फाच्या गोळीने पुरळ आली होती का ते आईंना नक्की विचारा. आणि मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरूच करू नका, दोन्ही मिळून रक्तपेशी खाली आणतात.

दुसरी_किडनी:
ट्रान्सप्लांटनंतर मी पण घेतलीये. माझं रक्तातलं पोटॅशियम ५.९ ला चढलं होतं, बीपीची टेल्मिसार्टन चालू आणि वर रोज सकाळी शहाळं, तब्येतीला चांगलं म्हणून बायको आग्रहाने पाजायची 😅 टेल्मिसार्टन आणि शहाळ्याने पोटॅशियम वाढतंच, त्यात ट्रायमेथोप्रिम लघवीतून जाणारं पोटॅशियम अडवतं म्हणे.

शमीचं_झाड:
अरे देवा, आईला पण टेल्मिसार्टनच आहे, आणि शहाळ्याचं तर विचारूच नका, तोंडात फोड म्हणून दुसरं काही गिळवतच नाही तिला.

काउंटरपलीकडून:
मग आजच फोन करून हे सगळं सांगा, रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) कधी करायचं विचारा. आणि गोळी सुरू झाल्यावर ताप, नवीन पुरळ, डोळे लाल, यातलं काहीही दिसलं की गोळी थांबवून लगेच दाखवायचं. गोळीच्या रिअॅक्शनने तोंडातही फोड येऊ शकतात, आणि तुमच्याकडे गोची अशी की तोंडात फोड आधीचेच आहेत, त्यामुळे आज मोबाइलवर तोंडाचे फोटो काढून ठेवा, वाढले तर लगेच कळेल.

शमीचं_झाड:
फोटो काढले. क्लिनिकचा फोन एंगेज लागतोय, लावत बसलोय. आज शुक्रवारची गोळी आहे, ते बोलेपर्यंत दिलेली नाही.