मदत हवी आहे: ग्लेझ तेच, माती बदलली आणि रंग पार बिघडला

नमस्कार मंडळी,

चार वर्षं कुंभाराच्या चाकावर काम करते आहे, पण या वेळी पुरती अडकले आहे. बहिणीसाठी आठ जणांचा सेट करायला घेतलाय. प्लेट पांढऱ्या स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायच्या) मातीच्या, बोल आणि कप गडद तपकिरी मातीचे. दोन्ही माती शेजारी शेजारी दिसाव्यात म्हणून तळाकडचा भाग मुद्दाम उघडा ठेवलाय. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, मात्र सगळ्यांवर एकच, किंचित मॅट निळं-हिरवं. रंगासाठी त्यात २ टक्के कॉपर कार्बोनेट आणि ४ टक्के रुटाइल (टायटॅनियमचं खनिज) आहे. विजेची भट्टी, बिस्क (ग्लेझआधीची पहिली भाजणी) १००० अंशांच्या आसपास, ग्लेझ फायरिंग कोन ६ ला (कोन म्हणजे भाजणीची उष्णता दाखवणारं माप), म्हणजे साधारण १२२० अंश.

प्लेटवर रंग अगदी मनासारखा आला, मध्ये निळसर आणि कडेला हिरवा. बोल-कपांवर तोच रंग वाळलेल्या शेवाळासारखा मळकट झाला. शिवाय टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडली आहेत. बोट फिरवलं की खरखर लागते, आणि जिथे ओठ लागणार त्या काठावरच ती जास्त आहेत.

प्लेट तरी सुटल्या म्हणावं, तर भट्टीतून काढल्यावर दोन दिवस फळीवरून बारीक 'टिंग टिंग' ऐकू येत होतं. शाई चोळून पुसल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले. एक प्लेट रात्रभर पाणी भरून ठेवली होती, सकाळी तिच्या पायाखाली ओलं कडं उमटलेलं.

ग्लेझ बदलू का? आणि यातलं तांबं जेवणाच्या भांड्याला चालेल का? रेसिपीवर सहा महिने घालवलेत, टाकून द्यायला जीव होत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

ओलीमाती:
ताई, रेसिपी इतक्यात टाकू नका, रंगाची गोष्ट सरळ आहे. गडद मातीतलं लोह वितळलेल्या ग्लेझमध्ये उतरतं. तांब्याचा हिरवा आणि लोहाचा तपकिरी मिसळले की मळकट ऑलिव्हच येणार. त्यात पारदर्शकपणा असलेल्या ग्लेझमधून खालची काळपट माती डोकावते. तुमचा निळा-हिरवा खालच्या पांढऱ्यावर उभा होता, तो आधार गेला.

दोन वाटा आहेत. एक, माती लेदर हार्ड (अर्धवट वाळून घट्ट झालेली) असताना आतून पांढऱ्या स्लिपचे (पाण्यात कालवलेल्या पातळ मातीचे) दोन हात द्या. स्लिप आणि माती सारख्याच आकसल्या पाहिजेत, नाहीतर पापुद्रे सुटतात. दुसरी, गडद मातीला लोह मानवणारं ग्लेझ शोधा. मी असते तर दुसरी वाट धरली असती. रुटाइल असलेली दुधाळ ग्लेझ गडद मातीवर फार सुंदर खुलतात, काठावर पातळ होऊन मातीचा रंग वर येतो. पांढऱ्यावर तीच ग्लेझ फिकी वाटतात.

भट्टीचीराख:
छिद्रांबद्दल एक काम करा. बिस्क झालेला एखादा टाकाऊ कप फोडून खापराची कड बघा. मध्ये राखाडी-काळी रेघ असेल तर मातीतला सेंद्रिय भाग पूर्ण जळलेला नाही. तोच पुढे ग्लेझ वितळत असताना वायू होऊन बाहेर येतो. वर, उरलेल्या कार्बनमुळे लोहाचं रूप बदलतं आणि ते मातीतच वितळवणाऱ्या घटकासारखं वागायला लागतं. मग माती फुगूही शकते. लोहयुक्त मातीची बिस्क ७०० ते ९०० अंशांच्या टप्प्यात अगदी सावकाश करा, हवा खेळती ठेवा, भांडी एकात एक घालू नका. शेवट कोन ०४ पर्यंत, म्हणजे साधारण १०६० अंशांपर्यंत न्या.

आता प्लेट. मला जास्त काळजी तिची आहे. पांढऱ्या मातीच्या पाकिटावर काय लिहिलंय, 'कोन ६ ते १०' का? तसं असेल तर ती ६ ला बहुधा कच्ची राहते. ग्लेझ न लावलेला, कोन ६ ला भाजलेला तुकडा कोरडा असताना वजन करा. पाच तास उकळा, त्याच पाण्यात २४ तास ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. जेवणाच्या भांड्यासाठी वाढ २ टक्क्यांच्या आत हवी.

ओलीमाती:
राखेशी सहमत. तडे म्हणजे थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. सिलिका थोडी वाढवून, सोडियम-पोटॅशियमचे फेल्डस्पार (ग्लेझ वितळवणारी खनिजं) कमी करून ते आवरता येतं, पण खालची माती कच्ची असेल तर त्याचा उपयोग नाही. तांब्याचं म्हणाल तर २ टक्के फार नाही, पण मॅट ग्लेझमध्ये ते नीट बांधलं गेलंय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. रात्रभर लिंबाची चकती ठेवून बघा. सकाळी तिथे फिका डाग पडला असेल तर ग्लेझ नापास. डाग पडला नाही म्हणून पासही धरू नका, खात्री प्रयोगशाळेतच होते. मी आतून साधं पारदर्शक किंवा पांढरं ग्लेझ देते, तांबं बाहेरच्या बाजूला.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. कप फोडला. कडेला विटकरी आणि मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ! मी बिस्क आठ तासांत उरकत होते, आणि कप बोलमध्ये बसवून.

पांढरा तुकडा १५० ग्रॅमचा १५६ झाला, म्हणजे ४ टक्के. गडद तुकडा १५० चा १५२. सगळा भरवसा मी पांढरीवर टाकला होता आणि कच्ची तीच निघाली. पाकिटावर खरंच 'कोन ६ ते १०' आहे. लिंबाखाली प्लेटवर फिकट गोल उमटला, तोही पुसला जात नाहीये.

त्या आठही प्लेट आता जेवणासाठी देणार नाही. गडद मातीची बिस्क चौदा तासांची केली, कोन ०४ पर्यंत. तीन टेस्ट टाइल काल निघाल्या. नुसत्या मातीवरची अजून मळकट, पण छिद्र एकही नाही. एक हात स्लिपवर हिरवट, दोन हात स्लिपवर जवळजवळ प्लेटवरचा निळा. सेट पूर्ण गडद मातीतच करते आहे, बाहेरून दोन हात स्लिप आणि हे ग्लेझ, आतून पांढरं. त्या पांढऱ्या ग्लेझची कोन ६ ची, तडे न जाणारी रेसिपी कोणाकडे असेल तर इथेच टाका.