लाकडी दस्त्याची रायफल कुरिअरने पाठवायची आहे, पॅकिंग कसं करावं?

चंद्रफळी
बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे (बोल्ट हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची), अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. वर ३-९ × ४० चा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. स्कोपसकट वजन ४ किलोच्या आसपास, लांबी ११० सेंमी. बेडिंगच्या (रायफलीचं लोखंड दस्त्यात इपॉक्सीने नेमकं बसवण्याच्या) कामासाठी परवानाधारक कारागिराकडे पाठवायची आहे. कागदपत्रं झाली आहेत आणि शस्त्र आहे हे सांगूनच वाहतूक कंपनीचा लेखी होकार घेतला आहे, त्यामुळे प्रश्न फक्त पॅकिंगचा.

१) दस्ता काढून वेगळा ठेवू की आहे तशीच पाठवू?
२) आत फोम असलेली कडक प्लास्टिकची पेटी आहे. तिच्यावर पुन्हा पुठ्ठ्याचा खोका हवाच का?
३) प्रवास ८-१० दिवसांचा, हवा दमट. गंजासाठी नुसतं तेल पुरेल का?

बेडिंगवाला
दस्ता काढा. लाकडी दस्ता प्रवासात मोडतो तो जवळजवळ नेहमी मानेत, म्हणजे चापाच्या मागे मूठ धरतो तिथे. चापासाठी कोरलेली खाच, मागच्या स्क्रूचं भोक आणि दस्त्याचा सगळ्यात बारीक भाग हे तिन्ही तिथे हाताच्या अंतरावर येतात. त्यात लाकडाच्या रेषा मानेत तिरक्या जात असतील तर चीर त्या रेषेनेच पळते. नळी आणि अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) मिळून अडीच-तीन किलोचं लोखंड त्या लाकडात अडकलेलं असतं. खोका आपटला की लोखंडाला पुढे जायचं असतं, लाकूड थांबलेलं असतं, आणि ताण मानेवर येतो. दोन्ही वेगळे केले की दस्ता जेमतेम किलोभराचा उरतो, त्याला फारसं काही होत नाही. शिवाय पेटीची लांबीही कमी होते.

पण त्याआधी रिकामी करण्याचा क्रम. मॅगझिन (काडतुसं भरायचा डबा) आधी काढा, बोल्ट नंतर उघडा. उलट केलं आणि मॅगझिन भरलेलं असेल, तर बोल्ट पुढे जाताना नवीन काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, ढकलतो. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, करंगळी घालून चाचपा, बोल्ट काढा आणि मागून नळीतून उजेड आरपार दिसतो का बघा. काडतूस एकही, अगदी रिकामं पुंगळंसुद्धा, त्या खोक्यात जाता कामा नये. काडतुसं धोकादायक मालात मोडतात, त्यांचे नियम आणि वाहतूक दोन्ही वेगळे.

स्क्रू काढताना पुढचा कुठला आणि मागचा कुठला हे दोन वेगळ्या पुड्यांत लिहून ठेवा. बऱ्याच रायफलींत दोघांची लांबी वेगळी असते. लांब स्क्रू पुढे बसवला तर तो बोल्टच्या लगला (पुढच्या दाताला) अडतो, आणि बोल्ट का अडतोय हे शोधण्यात वेळ जातो.

आता खरा मुद्दा, टोकं. रायफलीचा खोका लांब आणि अरुंद, म्हणून तो उभा ठेवला जातो, उभा पडतो आणि सरकत्या पट्ट्यावरून टोकावर उतरतो. नळीच्या तोंडाचा व्यास १८ मिमी धरला तर क्षेत्रफळ होतं अडीच चौरस सेंमी. दस्त्याच्या मागच्या बाजूचं साधारण ५०. म्हणजे तोच धक्का नळीच्या तोंडाकडून बसला तर दाब वीस पट. नळी फोममधून, पेटीतून आणि पुठ्ठ्यातून पंचसारखी बाहेर येते ती यामुळे. नुसता फोम जाड करून हे थांबत नाही, नळी त्यात घुसतेच. तोंडावर रबरी टोपी, तिच्यापुढे ६ मिमी प्लायवुडचा १० × १० सेंमी चौकोन, आणि मग ५ सेंमी कडक फोम, असा क्रम ठेवा. प्लाय नळीच्या आणि फोमच्या मध्ये हवा. तो फोम आणि पेटीच्या भिंतीमध्ये ठेवला तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण भार पसरायचा तो फोमच्या आधी.

त्याहून चांगलं म्हणजे भार टोकावर येऊच न देणं. अ‍ॅक्शनच्या खाली जो रिकॉइल लग (गोळीचा मागचा धक्का दस्त्याला देणारा धातूचा दात) आहे, त्याच्या पुढे-मागे फोमचे ठोकळे घट्ट बसवा. मागे-पुढे सरकायचं लोखंड तिथेच अडतं आणि नळीचं तोंड भिंतीपर्यंत पोचत नाही.

तेलचिंधी
गंजाबद्दल: तेल हवंच, पण कमी. नळीच्या आत तेलाची एक चिंधी फिरवून पाठोपाठ एक कोरडी फिरवली की जो पदर उरतो तेवढा पुरे. बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसा आणि त्यानंतर हातमोजे घालूनच उचला. निळसर काळ्या फिनिशवर घामाचा अंगठा दहा दिवसांत स्पष्ट उमटतो, रेषांसकट. जास्त तेल ओतलं तर ते उभ्या खोक्यात ओघळून रिकॉइल लगच्या खोबणीतलं लाकूड मऊ करतं. बेडिंगला जाणाऱ्या दस्त्यात हे नकोच, तेल प्यायलेल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही.

नळी आणि अ‍ॅक्शन व्हीसीआय कागदात गुंडाळा, हा गंजरोधक वाफ सोडणारा तपकिरी कागद. मग प्लास्टिकची पिशवी, आत ५०-१०० ग्रॅम सिलिका जेल, तोंड टेपने बंद. जेल आधी ओव्हनमध्ये सुकवून घ्या. कपाटात उघडं पडलेलं जेल भरलेलंच असतं आणि उलट ओल देऊ शकतं.

वर्तमानपत्र लोखंडाला लावू नका, ते ओल धरतं. पेटीतला अंड्याच्या ट्रेसारखा मऊ फोमही थेट धातूला नको, तोही स्पंजच. चामड्याचा पट्टा काढून घरी ठेवा, चामड्याखाली गंज आधी येतो. दस्त्याला बबल रॅप थेट लावला तर तेलाच्या फिनिशवर गोल गोल ठसे राहतात. आधी सुती कापड, वरून बबल रॅप.

पुठ्ठा५प्लाय
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, खोका हवाच. प्लास्टिकच्या पेटीची खिटी आपटल्यावर उघडते, कडी तुटते, आणि बाहेरून बघणाऱ्याला आत काय आहे ते आकारावरूनच कळतं. पेटीला कुलपासाठी जितकी भोकं असतील तितक्यांना कुलूप लावा, त्यावर दोन नायलॉनचे पट्टे, मग खोका. किल्ली खोक्याला चिकटवू नका. तपासणी कशी होते ते कंपनीला आधी विचारून घ्या.

खोका पाच पदरी, नवीन. पेटी आणि खोका यांच्यात बाजूंनी ५ सेंमी आणि टोकांना ८ सेंमी मोकळं ठेवून तिथे पॉलिइथिलीन फोमचे ठोकळे भरा. दाबून सोडला की लगेच पूर्ववत होणारा, बोटाने सहज न चेपणारा फोम घ्या. थर्माकोलचे दाणे अजिबात नकोत. जड वस्तू त्यांच्यातून हळूहळू तळाला उतरते आणि दाणे वर येतात. लांब खोका मध्यभागी वाकतो, म्हणून आतून चारही कडांना पुठ्ठ्याच्या कोनपट्ट्या पूर्ण लांबीच्या घाला. वर काही ठेवलं तर भार त्यांच्यावर जातो.

४८ मिमी टेप, मधल्या शिवणीवर आणि दोन्ही टोकांना, इंग्रजी एच आकारात, तीन पदर. जुनी लेबलं, बंदूक कंपनीचं नाव किंवा चित्र असलेला खोका नको. बाहेर ठळक 'रायफल' लिहिणं म्हणजे चोराला आमंत्रण, पण वाहकाला लेखी जाहीर करणं वेगळं आणि ते करायलाच हवं. एखाद्या देशाचा कायदा बाहेर खूण मागत असेल तर ती लावा. आतही पत्त्याची एक चिठ्ठी टाका, बाहेरचं लेबल फाटतं. दस्ता, नळीचं तोंड आणि क्रमांक यांचे फोटो पॅकिंगच्या आधी काढा, विम्याचा दावा त्यावरच टिकतो.

बंद केल्यावर खोका उभा धरून हलवा. एकही आवाज आला तर उघडा. 'जरासं हलतंय, चालेल' असं चालत नाही, जरासं हलणारं पोचेपर्यंत बरंच हलतं.

निशाणी_१०
दस्ता काढण्याबाबत थोडं वेगळं मत. तुमचं काम बेडिंगचं आहे म्हणून काढणं ठीक. पण आधीच बेड केलेली, शून्य जुळवलेली (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी केलेली) रायफल पाठवताना मी स्क्रूला हात लावणार नाही. परत बसवताना टॉर्क (स्क्रू आवळण्याचा जोर) बदलला की गोळ्यांचा गट सरकतो. ज्यांना काढायचीच आहे त्यांनी परत बसवताना टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) वापरावा. आकडा निर्मात्याकडून घ्या, कारण साध्या लाकडाला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चासीला (धातूच्या दस्त्याला) एकच आकडा चालत नाही. लाकूड जास्त आवळलं तर दबतं.

स्कोप मात्र पाठवूच नका. कारागिराला त्याचा उपयोग नाही. रिंगांसकट (स्कोप धरणारी कडी) रेलवरून (रायफलीवरची खाचांची पट्टी) काढा आणि रेलच्या कोणत्या खाचेत पुढची रिंग होती ते लिहून ठेवा. परत लावल्यावर शून्य तपासावं लागेलच. मॅगझिन मात्र पाठवा, बेडिंगनंतर ते नीट बसतं का हे त्यांना बघावं लागतं.

एअर रायफलवाले वाचत असतील तर: हवेचा सिलिंडर पूर्ण रिकामा करून, काढता येत असेल तर काढून वेगळा ठेवा. दाबाखालचा सिलिंडर विमानात चालत नाही. आणि स्प्रिंगची रायफल ताणलेल्या स्थितीत कधीच पॅक करू नका.

चंद्रफळी
सगळ्यांचे आभार. स्कोप घरीच राहील. बोल्ट काढून वेगळा गुंडाळला आहे, पण गुंडाळताना मागचा भाग फिरला आणि खटकन आवाज झाला. आता तो रायफलीत जात नाही. काही तुटलं का?

बेडिंगवाला
तुटलं नाही. काही बोल्टमध्ये मागची टोपी फिरली की फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) खाचेतून घसरून पुढे जाते, तोच तो आवाज. बोल्टचं अंग एका हातात घट्ट धरा. मागचा कॉकिंगचा तुकडा (फायरिंग पिनला जोडलेला मागचा भाग) टेबलाच्या लाकडी कडेवर, खाली कापड ठेवून, टेकवा. दाबून मागे ओढत टोपी उलट फिरवली की तो पुन्हा खाचेत बसतो. स्प्रिंग कडक आहे, हात निसटेल, बोटं कडेपासून लांब ठेवा. बसल्यावर टोपी आणि बोल्ट दोघांवरून कागदी टेप फिरवा म्हणजे वाटेत पुन्हा सुटणार नाही. हँडल बाहेर येतं म्हणून बोल्टला फोममध्ये स्वतंत्र खड्डा करा, नळीला घासता कामा नये.

कारागिराला एक निरोप द्या: खोका गार गोदामातून आला असेल तर रात्रभर न उघडता खोलीत ठेवावा. लगेच उघडला तर गार लोखंडावर दव धरतं. आणि गोळी झाडून बघण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढायला सांगा.