दोर्दोन्य नदी आणि बोर्दोची वाइन: नकाशा पाहून पडलेला प्रश्न

शेवंती_७१
नकाशात फ्रान्समधले बोर्दो शहर गारोन नदीच्या काठी आहे. परंतु बोर्दोच्या वाइनमध्ये गणली जाणारी सेंत-एमिलियों, पोमरोल आणि फ्रोंसाक ही गावे पूर्वेकडे तीस-चाळीस किलोमीटरवर, दोर्दोन्य या वेगळ्याच नदीच्या खोऱ्यात दिसतात. रेल्वे येण्यापूर्वी तिथला माल समुद्रापर्यंत कसा जात असे, आणि या नदीचा वाइनच्या इतिहासाशी नेमका संबंध काय, हे जाणकारांनी सांगावे.

बंदरवाट
आधी भूगोल. दोर्दोन्य मध्य फ्रान्सच्या ज्वालामुखीय पहाडात, प्युई द सांसी या शिखराच्या उतारावर उगम पावते आणि सुमारे ४८० किलोमीटर वाहून बोर्दोच्या उत्तरेस बेक दांबेस येथे गारोनला मिळते. संगमानंतरच्या रुंद खाडीला जिरोंद म्हणतात. बोर्दोची जहाजे गारोनमधून आणि दोर्दोन्यकाठच्या लिबुर्न बंदराची जहाजे दोर्दोन्यमधून याच खाडीत उतरत, त्यामुळे दोन्ही खोऱ्यांना समुद्राचे दार एकच होते.

भरतीचे पाणी दोर्दोन्यमध्ये लिबुर्नच्याही वर, कास्तियों या गावाच्या आसपासपर्यंत चढते. वाशिष्ठीत भरतीवर गलबते गोवळकोटपर्यंत येत, तशीच समुद्रातली जहाजे भरती साधून लिबुर्नच्या धक्क्याला लागत. मोठ्या उधाणाच्या वेळी, विशेषतः नदीला पाणी कमी असताना, भरतीची लाट भिंतीसारखी प्रवाहाविरुद्ध चढत जाते. तिला तिथे मास्कारे म्हणतात आणि सें-पार्दों या गावी ती पाहायला, आणि हल्ली तिच्यावर फळी घेऊन स्वार व्हायलाही, माणसे जमतात.

तवारीख
इतिहासाची सुरुवात बहुतेक जण ११५२ पासून करतात, कारण त्या वर्षी अ‍ॅक्विटेन, म्हणजे बोर्दोसह या मुलखाची वारसदार असलेल्या एलेनॉरने हेन्री प्लांटाजेनेटशी विवाह केला, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि हा सगळा मुलूख इंग्रजी राजसत्तेला जोडला गेला. माझ्या मते नुसत्या या विवाहाने व्यापार उभा राहिला नाही. इंग्लंडला आधी ला रोशेल बंदरातून वाइन जात असे. ते बंदर १२२४ मध्ये फ्रेंच राजाने जिंकल्यावर इंग्रज गिऱ्हाइकांचा ओढा बोर्दोकडे वळला. पुढे १२७० मध्ये रॉजर द लेबर्न या इंग्रज अधिकाऱ्याने ईल आणि दोर्दोन्य यांच्या संगमावर लिबुर्न वसवले, आणि आसपासच्या बागांना हक्काचे बंदर मिळाले. गावाच्या नावात त्याचेच नाव राहिले आहे.

हे इंग्रजी पर्वही याच नदीकाठी संपले. १७ जुलै १४५३ रोजी कास्तियोंच्या लढाईत फ्रेंच तोफखान्यापुढे इंग्रज सेनापती जॉन टॉलबट मारला गेला, ऑक्टोबरात बोर्दो शरण गेले आणि इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातले शंभर वर्षांचे युद्ध म्हणतात ते तिथे मिटले.

शेवंती_७१
आपल्या दोघांचेही आभार. हे सारे खालच्या टप्प्याचे झाले; वरच्या डोंगराळ भागाचा वाइनशी काहीच संबंध नव्हता का?

लाकूडतोड्या
संबंध होता आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत रंजक आहे. वरच्या खोऱ्यात द्राक्षापेक्षा जंगल मोठे. तिथल्या ओकच्या, पिंपासाठी फाडलेल्या फळ्या आणि वेलींना आधार देणारे चेस्टनटचे खुंट वरच्या खोऱ्यातल्या आर्जांता या गावाहून सपाट बुडाच्या होड्यांत भरून खाली नदीकाठच्या बेर्जराक या वाइनच्या गावाकडे आणि लिबुर्नकडे पाठवले जात. म्हणजे खालच्या गावांची वाइन ज्या पिंपात भरायची, त्याचे लाकूड शेकडो किलोमीटर वरून याच पाण्याने येई. एरवी पात्र उथळ आणि खडकाळ, त्यामुळे वसंतात किंवा शरदात पाणी पुरेसे चढले की वर्षातल्या मोजक्याच दिवसांत हा माल सुटे. वाटेतल्या लालांद गावाजवळच्या खळाळात होडी फुटण्याची भीती असे, म्हणून तो टप्पा पार करायला स्थानिक वाटाडे घेत. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथे बाजूने कालवाच काढला.

आर्जांताहून आलेली साधी होडी परत जात नसे. प्रवाहाविरुद्ध ती ओढून नेणे परवडत नसल्याने माल उतरला की तीही मोडून लाकूड म्हणून विकली जाई आणि नावाडी पायी घरी परतत. खालच्या संथ टप्प्यातल्या भक्कम होड्या मात्र माणसे किंवा बैल काठावरून ओढत वर नेत, आणि त्यांतून मीठ चढत असे.

तवारीख
बेर्जराकविषयी थोडी भर. गारोनच्या वरच्या मुलखातली वाइन बोर्दोवरूनच जाणार, आणि आपली विकली जाईपर्यंत ती अडवून धरण्याचा विशेषाधिकार बोर्दोकरांकडे होता. १७७६ मध्ये फ्रेंच राजाचा मंत्री त्युर्गो याने वाइनची वाहतूक मुक्त केली तेव्हा तो अधिकार संपला. बेर्जराकचा माल दोर्दोन्यने थेट लिबुर्नला येत असल्यामुळे त्याला बोर्दो शहर गाठावेच लागत नसे. डच व्यापाऱ्यांनी तिथल्या मोंबाझियाकच्या गोड वाइनला बाजारपेठ मिळवून दिली, ती याच वाटेने.

बंदरवाट
एकोणिसाव्या शतकात रेल्वेने ही होडी-वाहतूक संपवली. विसाव्या शतकात वरच्या दऱ्यांत जलविद्युत धरणांची रांग उभी राहिली. १९५२ मध्ये पूर्ण झालेले बोर-लेझ-ऑर्ग हे त्यांतले सर्वांत मोठे. आर्जांताच्या वरचे जुने पात्र आता बरेचसे जलाशयांखाली आहे.