सुन्न: शून्य की अनुस्वार?

तर्कटी: तेलुगूतून मराठीत एक संगणक-पुस्तिका आणतेय, एका वाक्यावर गाडी अडलीय. आशय असा, की आकड्यातल्या सुन्नाऐवजी अक्षरापुढचं सुन्न टाइप करू नका. तेलुगूत शून्यही सुन्न आणि अनुस्वारही सुन्न. दोन्ही गोलच, पण युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) अनुस्वार ३०७४ व्या जागी, शून्य ३१७४ व्या. मराठीत 'शून्याऐवजी अनुस्वार देऊ नका' लिहिलं तर वाचणारा म्हणेल, असं करतो कोण? आपला अनुस्वार डोक्यावर असतो. दोन्हींना चालेल असा मराठी शब्द आहे का?

पूर्वभागी: आम्ही सोलापूरचे, शेजारी सगळे तेलुगू. त्यांच्यात 'निंडु सुन्न' म्हणजे पूर्ण, 'अरसुन्न' म्हणजे अर्धं. अरसुन्न आता लिहिण्यातून जवळपास गेलं, तरी ३०७३ वर जागा राखून बसलंय.

आबा_व: पूज्य! आमच्याकडे शून्याला पूज्यच म्हणायचे. 'गणितात पूज्य' ऐकलेलं नाही का कुणी?

तर्कटी: ऐकलंय. पण अनुस्वाराला पूज्य?

आबा_व: आमचे गुरुजी 'डोक्यावर पूज्य दे' म्हणत.

निर्मळ: गुरुजी टिंब म्हणत असतील, आबा. आणि 'टाइप करू नका' कशाला? 'टंकू नका' लिहा.

पूर्वभागी: टंकू नका म्हटलं तर आमचा डेटा एंट्रीवाला सुट्टीवर जाईल.

रिकामटेकडा: हा नुसता शब्दांचा खेळ नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला तेलुगू एक आणि तेलुगू शून्य जोडून द्या, मुकाट्याने दहा धरतो. शून्याच्या जागी अनुस्वार आला की एरर. फॉन्ट बरा नसेल तर डोळ्यांना फरक कळत नाही. गंमत म्हणजे देवनागरीतही २३०६ आणि २४०६, तेच शंभराचं अंतर. भारतीय लिप्यांचे तक्ते एकाच साच्यावर बेतलेत, मूळ आपल्या सरकारी इस्कीचं, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संगणकी संकेतप्रणालीचं.

मोडीप्रेमी: शून्याचं काय घेऊन बसलात, अपूर्णांक बघा. २००८ मध्ये तेलुगूच्या जुन्या हिशेबातल्या खुणा युनिकोडात आल्या. पावाच्या पटीला उभ्या रेघा, सोळांशाला आडव्या. पुढच्याच वर्षी आपल्या पाव, अर्धा, पाऊणच्या आल्या, सोळांशाला तिरप्या रेघा. पण नाव काय दिलं? 'नॉर्थ इंडिक'! पेशवे दफ्तरातला पाव उत्तर भारतीय कधीपासून झाला?

निर्मळ: नर्मदेपलीकडे टाकलं आपल्याला. निषेध!

रिकामटेकडा: अहो, त्याच खुणा गुजरातीत, हिंदीत वापरायचे. एकेका लिपीला वेगळ्या दिल्या असत्या तर तुम्हीच ओरडला असता, की सारख्या रेघांना इतक्या जागा कशाला.

मोडीप्रेमी: मग तेलुगूला वेगळ्या का दिल्या?

रिकामटेकडा: त्यांची मांडणी वेगळी. चाराच्या विषम घाताला (जसं पाव) उभी, सम घाताला (जसं सोळांश) आडवी. चिन्हाचं अधिकृत नावच 'चाराच्या विषम घातांसाठी अपूर्णांक-अंक एक' असं लांबलचक आहे.

आबा_व: तेलुगूत सोळाव्या भागाला 'वीसमु' म्हणतात ना? ते आपल्या 'वीस'वरूनच आलं असणार.

पूर्वभागी: वीसवरून सोळावा भाग कसा होईल? चार कुठे गेले?

आबा_व: दलालाने खाल्ले.

तर्कटी: मी सध्या 'गोल' लिहून ठेवते: 'आकड्यातला गोल' आणि 'अक्षरापुढचा गोल'.

निर्मळ: गोल मारला असं वाटतं. 'वर्तुळ' घ्या.

मोडीप्रेमी: आबा, तुमच्या वेळी पावकी-निमकी शिकवताना या रेघा काढायचे का?