मदत हवी आहे: ऑडी क्यू५च्या सनरूफची काच फुटली, सोलापुरात बदलावी की पुण्याला न्यावी?

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. गाडी ऑडी क्यू५, २०१५ मॉडेल, २.० टीडीआय. पॅनोरमिक छत, दोन काचा. पुढची उघडणारी काच गेली, मागची शाबूत आहे. पुढच्या कडेला खडीचा बारीक टवका आधीपासून होता. होटगी रोडला भर उन्हात गाडी उभी असताना काचेचा चुरा झाला. निम्मा चुरा आतल्या पडद्यावर पडलाय, निम्मा अजून फ्रेमला धरून आहे. पडदा बंद आहे, स्विचला हात लावलेला नाही.
विचारायचं असं की नुसती काच मिळते की अख्खी फ्रेम घ्यावी लागते? इथल्या चांगल्या गॅरेजमध्ये काम होईल का, की टोइंग करून अडीचशे किलोमीटर पुण्याला न्यायची? आणि क्लेम करावा का? वळवाचा पाऊस कधीही येईल, म्हणून घाई आहे.

पाना_दहा
स्विच दाबला नाहीत, निम्मं काम वाचलं. आता दुसऱ्या कुणाकडूनही दाबला जाणार नाही ते बघा. मॅन्युअलमधल्या तक्त्यात सनरूफचा फ्यूज शोधून काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत चावीचं बटण दाबून धरलं की खिडक्यांबरोबर छतही हलतं आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

कारण असं आहे. काच दोन्ही बाजूंच्या ॲल्युमिनियमच्या रुळांवर सरकते. तिला ओढायला दातेरी केबल असतात आणि रुळात प्लास्टिकचे मार्गदर्शक तुकडे. मोटर चालली आणि काचेचा एक खडा जरी मध्ये अडकला, तरी केबल ढकलत राहते आणि प्लास्टिक तुटतं. मग नुसत्या काचेवर भागत नाही, छताचं अस्तर उतरवून आतली पूर्ण फ्रेम काढावी लागते. तो खर्च काचेच्या कितीतरी पट होतो.

साफसफाई स्वतः केलीत तरी चालेल, पण चष्मा आणि चामडी हातमोजे घालून. आधी सीटांवर जाड चादर अंथरा. फ्रेममध्ये उरलेल्या काचेवर बाहेरून रुंद चिकटपट्टी आडवी-उभी मारा, म्हणजे तुकडे एकमेकांना धरून निघतात. मग पडद्यावरचा चुरा व्हॅक्यूमच्या अरुंद तोंडाने बाहेरूनच ओढून घ्या. तो निघेपर्यंत पडदा उघडायचा नाही, नाहीतर सगळा चुरा पडद्याच्या रोलमध्ये गुंडाळला जाईल आणि पुढे प्रत्येक वेळी कापड फाटत राहील. रूळ शेवटी घ्या, एक इंची रंगाचा ब्रश आणि व्हॅक्यूम एकत्र चालवून. कंप्रेसरची हवा मारू नका, ती चुरा थेट कोपऱ्यातल्या ड्रेन पाइपात ढकलते. पत्र्यावर आणि सीटवर राहिलेली बारीक कूस उचलायला कणकेचा ओला गोळा हलक्या हाताने दाबा. व्हॅक्यूमला न सापडणारी कूस त्याला चिकटते.

मग झाकण. जाड पॉलिथिन घ्या आणि रंगाला आधी पेंटरची मास्किंग टेप लावून तिच्यावर ब्राऊन टेप मारा. नुसती ब्राऊन टेप मे महिन्याच्या उन्हात दोन दिवसांत रंगावर गोंद सोडते. अशा झाकणावर गावात हळू फिरता येईल, हायवेला नाही.

सिद्धेश्वर_७७
वॉशिंग सेंटरवाले तापलेल्या टपावर गार पाणी मारतात, त्यानेच काचा जातात. सोलापुरात उन्हाळ्यात गाडी धुवायची तर सकाळी सातच्या आत.

काचघर
सिद्धेश्वर भाऊ, सल्ला चांगला आहे, कारण तेवढं नाही. ही काच टफन केलेली असते. बनवताना तापवून झटकन गार करतात, त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. धड टफन काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरकही सोसते. आपला ४३-४४ अंशांचा उन्हाळा आणि टाकीचं पाणी तिला काही करत नाही. पण कडेला टवका असला की गोष्ट वेगळी. कड हीच तिची नाजूक जागा. तिथली चीर दाबाचा थर ओलांडून आतल्या ताणापर्यंत पोहोचली की अख्खी काच एका क्षणात खडे होते, मग निमित्त ऊन असो, खड्डा असो की दार आपटणं. इथे टवका होताच. म्हणूनच मधल्या टवक्यापेक्षा कडेच्या टवक्याला जास्त घाबरावं, आणि टफन काचेत विंडशील्डसारखं रेझिन भरून दुरुस्ती होत नाही.

काच सुटी मिळते. पण ‘काच’ म्हणजे नुसता काचेचा तुकडा नव्हे. कारखान्यातच तिच्या खाली धातूची चौकट चिकटवलेली असते आणि भोवती रबर असतं, तो सगळा एकच भाग. ऑर्डर आरसीवरच्या १७ अक्षरी चेसिस नंबरवरूनच द्या. वर्ष आणि मॉडेल सांगून मागवलेली काच चुकीची निघते, कारण एकाच मॉडेलमध्ये मध्येच भाग बदलतात. आल्यावर कोपऱ्यातली छाप बघा: निर्मात्याचं नाव, वर्तुळातला ई आणि ४३आर हा युरोपीय नियमाचा क्रमांक, किंवा भारतीय मानकाची खूण. छाप नसलेली काच परत करा.

आणि ट्रान्सपोर्टचं. पुण्या-मुंबईहून काच खासगी बसच्या डिकीत टाकून पाठवायची पद्धत आहे. फोमचे कोपरे, लाकडी क्रेट आणि काच उभी, असं असेल तरच घ्या. खोका पार्सलवाल्याच्या समोर उघडायचा, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून. सहीनंतर कुणी ऐकून घेत नाही.

जुळे_सोलापूर
धन्यवाद काचघर साहेब, पाना_दहा दादा. एका ठिकाणी सांगितलं की पॉलिकार्बोनेटची शीट कापून चौकटीवर बसवू, फुटायचा प्रश्नच नाही. दुसरा म्हणाला कुर्ल्याहून जुनी काच आणतो, निम्म्यात काम होईल. काय करावं?

काचघर
पॉलिकार्बोनेट नको. ते उष्णतेने काचेच्या सात-आठ पट पसरतं. ८० सेंटीमीटर रुंदीला ४० अंशांचा फरक धरला तर काच पाव मिलिमीटरच्या थोडी पुढे जाते, शीट दोन मिलिमीटरवर. दुपारी फुगून रबराला घासणार, रात्री आक्रसून फट पडणार. शिवाय छताला दोन्ही दिशांनी हलकी वळण असते, ती सपाट शीटला येत नाही आणि वायपरशिवायच ओरखडे पडतात. लोकल टफनिंगवाल्याकडून सपाट काच करून घेण्याचंही तेच.

जुनी काच चालते, अटी दोन. भाग क्रमांक जुळला पाहिजे आणि कड चारही बाजूंनी नखाने तपासली पाहिजे. रबराखालची कड दिसत नाही, तिथेच खोट असते. कुर्ला सीएसटी रोडला माल मिळतो, पण ‘आणून देतो’ म्हणणाऱ्याला आधी भाग क्रमांकाचा फोटो मागा. फोटो येत नसेल तर समजून जा.

क्लेम_सर्व्हे
इन्शुरन्सचं सांगतो, कारण इथे लोक नीट हिशेब न करता क्लेम टाकतात.

सर्वसाधारण कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेवर घसारा शून्य असतो. रबर-प्लास्टिकवर ५० टक्के कापतात, दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. म्हणून एस्टिमेटमध्ये हा भाग काच म्हणूनच लिहिला आहे ना बघा. १५०० सीसीच्या वर सक्तीची वजावट २,००० रुपये. तुमची १,९६८ सीसी, म्हणजे तेवढे खिशातून जाणारच. काच काढण्याआधी फोटो आणि सर्व्हे हवा, म्हणून पाना_दहा भाऊंच्या साफसफाईच्या आधी कंपनीला फोन करा. टवका खडीचा असेल तर तसंच सांगा, बाहेरून लागलेला मार पॉलिसीत बसतो. आपोआप फुटली एवढंच सांगितलंत की सर्व्हेअर यांत्रिक बिघाडाचा मुद्दा काढू शकतो.

आता खरा हिशेब एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के सूट. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, मग क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५०. तोटा पहिल्या वर्षी ५०, नंतर ३०, २५, १५, ५, म्हणजे एकूण १२५ टक्के. हे सगळं सूट धरण्याआधीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर (आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीचा भाग), थर्ड पार्टीवर नाही. ओन डॅमेजचा भाग २०,००० असेल तर क्लेमची किंमत साधारण २५,००० अधिक वजावट. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, घटत जाते म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. काच आणि मजुरी याच्या आसपास असेल तर क्लेम टाकू नका, दुप्पट-तिप्पट असेल तर टाका. पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट ॲड-ऑन असेल तर प्रश्नच मिटला. कोटेशन जीएसटी धरून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के आहे, कुणी २८ लावत असेल तर विचारा.

जुळे_सोलापूर
हे माहीतच नव्हतं, आभारी आहे. ओळखीचे मेकॅनिक आहेत, अक्कलकोट रोडला. जर्मन गाड्यांवर हात आहे, स्कॅनर आहे, पण सनरूफ कधी केलं नाही. त्यांना दाखवायला बसवण्याची पद्धत कुणी नीट लिहील का?

पाना_दहा
पुढची काच स्क्रूवर असते, त्यामुळे हात असलेल्या मेकॅनिकला जमेल. मागची फुटली असती तर वेगळं उत्तर दिलं असतं. अनेक गाड्यांत ती पीयू (पॉलियुरेथेन) ॲडहेसिव्हने चिकटवलेली असते, आणि ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला जास्त वेळ लागतो. ते काम रोज काच चिकटवणाऱ्याचंच.

पडदा मागे घेतला की काचेच्या दोन्ही बाजूंना आतून प्लास्टिकच्या झाकपट्ट्या दिसतात. त्या क्लिपवर असतात, प्लास्टिकच्या पट्टीने काढा, स्क्रूड्रायव्हरने नाही. मागे टी-२५ टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू सापडतील. जुनी चौकट काढण्याआधी स्क्रूच्या जागी पातळ मार्करने खूण करा, नवीन काच बसवताना सुरुवात तिथूनच होते. काच टपावरून वर उचलायची, दोन माणसांनी. खाली पत्र्यावर घोंगडी.

रूळ कोरड्या कापडाने पुसा. कंपनीने सांगितलेलं सनरूफ ग्रीसच पातळ लावा. डब्ल्यूडी-४० किंवा चाकाचं ग्रीस लावलं की आपली धूळ त्याची लुगदी करते आणि सहा महिन्यांत काच कुरकुरायला लागते.

नवीन काच ठेवून स्क्रू अर्धवट लावा. खरं कौशल्य आता. पुढची कड टपाच्या पातळीला किंवा त्याहून जास्तीत जास्त १ मिलिमीटर खाली हवी, मागची कड पातळीला किंवा १ मिलिमीटर वर. उलटं झालं तर ऐंशीच्या पुढे शिट्टी वाजते आणि मग ‘रबर खराब’ म्हणून पुन्हा बिल होतं. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, मापाला तेच वापरा. चारही कोपरे बघून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा. ताकद मॅन्युअलमधल्या आकड्याइतकीच, साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर. इम्पॅक्ट गन जवळ नको. चौकट पिळली की नवीन काचही ताणाखाली राहते. शेवटी रबरात दहाची नोट अडकवून चारही बाजूंना ओढून बघा, सगळीकडे सारखाच विरोध लागला पाहिजे.

मग फ्यूज लावा आणि इनिशियलायझेशन करा, म्हणजे मोटरला काचेची उघड-बंद जागा नव्याने शिकवा. साधारणपणे स्विच बंद करण्याच्या दिशेने दाबून धरायचा, काच एकदा पूर्ण फिरून थांबेपर्यंत सोडायचा नाही. मध्ये सोडला तर पुन्हा पहिल्यापासून. दिशा आणि वेळ मॉडेलनुसार बदलते, नाहीच जमलं तर स्कॅनरमधून. बंद होता होता काच परत उघडत असेल तर मोटरला दोष देऊ नका. बोट अडकू नये म्हणून दिलेली सुरक्षा काम करतेय, कुठेतरी खडा किंवा घासणी आहे.

सिद्धेश्वर_७७
आणि पावसाआधी भोवती सिलिकॉन मारून घ्यावं का? बरेच जण मारतात की ओ.

काचघर
अजिबात नाही. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवायला नसतंच. थोडं आत येणार, खालच्या पन्हाळीत पडणार आणि चार कोपऱ्यांतल्या पाइपांनी जाणार, अशीच रचना आहे. सिलिकॉनने काच चिकटते, मोटर ओढते आणि रबर फाटतं. गाडीत पाणी येतं ते बहुतेक वेळा पाइप तुंबून, आणि काच फुटल्यावर तर त्यात खडे असतातच.

जुळे_सोलापूर, काच बसवण्याआधी प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओता. पुढचं पाणी पुढच्या चाकाच्या किंवा दाराच्या बिजागरीच्या बाजूला खाली ठिबकलं पाहिजे, मागचं मागच्या बंपरकडे. चारही पाइप सारख्याच वेगाने रिकामे व्हायला हवेत. एखादा मागे राहिला तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी टोक गोल करून हळू सरकवा, जोर करायचा नाही. पाइप वरच्या तोटीवरून निसटला तर पाणी खांबातून उतरून पायाखालच्या कार्पेटात जातं, आणि तिथे वायरिंग आहे.